शेवाळी भिंत

घर विकायला काढलं, की ज्याला स्वतःच्या घरात खिळा ठोकता येत नाही तोसुद्धा येऊन आपल्याला भिंती कशा असाव्यात ते शिकवतो. आमच्याकडे असा पहिला आला तो दलाल. अत्तर इतकं मारलेलं, की तो वरच्या मजल्यावर कुठल्या खोलीत उभा आहे हे मला खाली बसून कळत होतं. तो गेल्यावरही संध्याकाळपर्यंत घरातून हलला नाही असंच वाटत राहिलं. मी त्याचं नाव विचारलं नाही. अत्तरवाला म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

त्याला आणला माझ्या मुलाने. एकुलता एक आहे म्हणून त्याच्याबद्दल जास्त बोलत नाही. दुसरा असता तर तुलना तरी करता आली असती.

विकायचं मात्र मीच ठरवलं होतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक मागून कुजबुजतात की मुलाने म्हातारीला घराबाहेर काढलं. माझे गुडघे शाबूत आहेत. जिना उंच झालाय. आमच्या ह्यांनी घर बांधताना चार पायऱ्यांचं सिमेंट वाचवायला एकेक पायरी अशी करून ठेवली, की चढणाऱ्याला वाटावं आपण टेबलावर चढतोय. स्वयंपाकघर खाली आणि न्हाणीघर वर. माणसाने या वयात उठसूट टेबलावर किती चढायचं?

म्हणून मी बाजाराच्या रस्त्याला, दवाखान्याच्या मागे, तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. स्वतंत्र दार, दारापुढे एक खुर्ची मावेल एवढी मोकळी जागा, रस्ता समोर. मालक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, मुलीकडे राहायला चालले होते. आतल्या खोलीची एक भिंत तेवढी आकाशी रंगवलेली, बाकीच्या पांढऱ्या. मला बघताक्षणी प्रसन्न वाटलं. कोणीतरी हौसेने राहिलंय म्हटलं. मास्तरांनी अठ्ठेचाळीस लाख सांगितले आणि मी बरं म्हटलं. घासाघीस करायची ती भाजीवाल्याशी. शिकलेल्या माणसाशी करून आपली इज्जत कशाला घालवा?

माझ्याकडे या घराशिवाय दुसरं काही नाही. घराचे अठ्ठेचाळीस आले तर दोन खोल्या माझ्या. नाही आले तर मुलाच्या सहाव्या मजल्यावर जायचं. तिथे माझ्यासाठी ठेवलेली खोली मी बघून आले होते. इस्त्रीचं टेबल, जुन्या सुटकेसी, आणि मधोमध ती व्यायामाची सायकल, जी आणल्या दिवसापासून जागची हललेली नाही. ती हलायची नसतेच म्हणे.

"आई, तुम्ही आलात की आम्ही ही खोली छान लावून देऊ," सूनबाई म्हणाली होती.

"सायकल कुठे ठेवशील?"

"सायकल राहील की कोपऱ्यात. तुम्हाला काय तिचा त्रास?"

म्हणजे सायकलच्या खोलीत माझी सोय होणार होती. सून वाईट नाही. तिला वाटतं की म्हातारं माणूस म्हणजे घडी करून ठेवायची खुर्ची, लागली तर उघडायची. पण मी पन्नास वर्षं माझ्या दाराची किल्ली माझ्या कनवटीला ठेवलीय. आता दुसऱ्याच्या दाराची घंटी वाजवून, "मी आहे ग," असं सांगत आत शिरणार नाही.

मुलाला मी सरळ सांगितलं. "अठ्ठेचाळीस माझे. त्याच्या वर जे येईल ते तुझं."

हे ऐकल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं ते मी त्याच्या लग्नातही बघितलं नव्हतं. त्याच आठवड्यात अत्तरवाला आला.

घरभर फिरून अत्तरवाला बैठकीत येऊन टेकला. हातात फोन, फोनमध्ये आमच्या सगळ्या भिंतींचे फोटो.

"आजी, घर म्हणजे सोनं आहे तुमचं."

"सोन्याला नळ नसतात. पुढे बोला."

"नळांचंच बोलायचं होतं," तो म्हणाला. "हे पाइप सगळे भिंतीच्या बाहेरून का?"

आमचे हे पाणीखात्यात फिटर होते. जन्मभर लोकांच्या भिंती फोडून आतले गळके पाइप शोधले, त्याचा धसका घेतला होता त्यांनी. स्वतःच्या घरात एकही पाइप भिंतीच्या पोटात जाऊ दिला नाही. सगळे बाहेरून, उघडे, लोखंडी क्लिपांनी आवळलेले, प्रत्येकाला वेगळी चावी. लांबून आमचं घर सलाइन लावलेल्या पेशंटसारखं दिसतं. मी स्वतः त्यांना त्यावरून उभ्या जन्मात काय काय बोलले असेन. पण तो माझा हक्क होता. अत्तरवाल्याचा नव्हता.

"त्यांची आवड," मी म्हटलं. "किंमत सांगा."

त्याने किंमत सांगितली नाही. आधी रडगाणं सांगितलं. पाइप बाहेर, स्वयंपाकघर जुनं, ओटा दगडी, फरशी काळपट, छत उंच पण ओकंबोकं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, "समोरचीचं घर साठला गेलं. माझं तिच्यापेक्षा खाली जायचं कारण नाही. तिच्याकडे खिडक्या पश्चिमेला आहेत आणि ती स्वतः कशी आहे ते गल्लीला माहीत आहे."

"अगं, घर विकायचंय, शेजारीण नाही," मुलगा म्हणाला. तेवढंच काय ते त्या दिवशी तो शहाण्यासारखं बोलला.

अत्तरवाला म्हणाला, "समोरच्यांनी आतून सगळं नवीन केलं होतं. तुमचं आहे तसं विकलं तर बावन्न. फार तर त्रेपन्न. पण सात लाख खर्च करून नवीन केलंत, तर पासष्ट कुठे गेले नाहीत."

मुलगा बोटं मोडत होता. बोटं मोडताना तो हिशोब करतो, शाळेपासूनची सवय. आणि शाळेत तो गणितात नापास व्हायचा, हे मी अत्तरवाल्यासमोर बोलले नाही, आईपणाची लाज राखली.

"काही करायचं नाही," मी म्हटलं. "बावन्नला द्या. माझे अठ्ठेचाळीस मला, चार तुला. घेणारा आपल्या आवडीचं आपण करून घेईल."

"आई, लोकांना कल्पना करता येत नाही. त्यांना तयार दाखवावं लागतं."

"तुला कल्पना करता येते तेवढी पुरे आहे घराला."

विषय संपला असं मी समजले. चुकले कुठे तर एवढंच, की मी त्यानंतर धाकट्या बहिणीकडे गेले. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्या सुनांवर सोडलं असतं तर दुसऱ्या खुब्याचंही करावं लागलं असतं. महिनाभर राहिले. मुलगा रोज फोन करायचा. "आई, सावकाश ये, घाई नाही," म्हणायचा. जन्मात कधी मला रोज फोन न करणारा मुलगा. तेव्हाच संशय यायला हवा होता.

परत आले तर किल्ली लागली पण दार उघडेना. जोर लावला तेव्हा खालून घासत, किंचाळत उघडलं. जुन्या फरशीवरच नवीन टाइल्स चिकटवल्या होत्या, त्यामुळे जमीन बोटभर वर आली आणि दरवाजा अडला. टाइल्स अशा चकचकीत, की बर्फावर आल्यासारखी मी भिंत धरून आत गेले. वर बघितलं तर छत खाली आलेलं. पांढऱ्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी ठोकून त्यात बारीक बारीक दिवे खोचले होते. ह्यांनी उन्हाळ्यात वारं खेळावं म्हणून छत उंच ठेवलं होतं. आता पंखा डोक्यावर टपली मारेल इतका जवळ.

स्वयंपाकघर तर ओळखू येईना. माझा ओटा गेलेला. एकसंध काळा दगड होता तो, कुठेही सांधा नाही, माझ्या कंबरेच्या उंचीला मापून बसवलेला. त्याच्या जागी पांढरी चकाकणारी कपाटं आणि ट्रॉल्या, आणि कशालाही मूठ नाही. उघडायचं तर ढकलायचं म्हणे. मी ढकललं. उघडलं. परत ढकललं तर बंद होईना. त्या कपाटाशी मी जितका वेळ झटापट केली तितक्यात भाजी शिजली असती.

"काळा दगड कुठाय?"

"मागे परसात उभा केलाय," मुलगा म्हणाला. "जड होता फार. माणसं न्यायला तयार होईनात."

नळही आत गेले होते. डेकोरेटरने स्वयंपाकघर आणि जिन्याच्या मधली भिंत फोडून पाइप तिच्या पोटात घातले, वर गिलावा मारला. बाहेरचे जुने पाइप वरखाली कापून तसेच लटकवून ठेवले होते. डेकोरेटर म्हणजे केसांचा अंबाडा बांधणारा एक मुलगा. माझ्यापेक्षा त्याचा अंबाडा चांगला होता, हे मान्य. बाकी काही चांगलं नव्हतं.

"सात लाख?" मी विचारलं.

"साडेआठ झाले." मुलगा टाइल्सकडे बघत बोलला. "कर्ज काढलंय. पण आई, पासष्ट येणार म्हणजे येणार. तुझे अठ्ठेचाळीस काढून, खर्च काढूनही मला..."

"मला तुझं काय उरतं ते सांगू नकोस. माझे येतात की नाही तेवढं बघ."

काही दिवस गेले आणि त्या फोडलेल्या भिंतीवर एक डाग आला. आधी बशीएवढा. मग ताटाएवढा. मी मुलाला बोलावून दाखवला.

"नवीन गिलावा आहे, सुकतोय," तो म्हणाला.

"सुकणारी गोष्ट लहान होते रे."

त्याने अंबाडेवाल्याला फोन केला. अंबाडेवाला दुसऱ्या कामावर होता. भिंत परत फोडायची तर आणखी खर्च, आणि अत्तरवाल्याने गिऱ्हाईक तर रविवारी आणायचं ठरवलेलं. मग शनिवारी रंगारी आला. त्याने डागावर पुट्टी भरली, पंखा लावून वाळवली आणि ती एकच भिंत शेवाळी रंगाने रंगवली. बाकीचं घर पांढरं.

"ही फॅशन आहे," सूनबाईने मला समजावलं. "एक भिंत वेगळी ठेवतात. नजर तिथे जाते."

"नजर तिथे जाऊ नये म्हणून रंगवली ना?"

तिने त्या भिंतीपुढे एक कुंडी आणून ठेवली. प्लास्टिकचं झाड.

पहिले जे लोक आले त्यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही. एका जोडप्याने घर बघितलंच नाही, नुसते स्वतःचे फोटो काढले. एक गृहस्थ खिडकीतून खाली वाकून त्यांची मोटार उभी राहील का ते बघत राहिले आणि मोटारीला जागा आवडली नाही म्हणून गेले. एकीने विचारलं, "ट्रॉल्या पांढऱ्याच का?" सगळे पासष्ट ऐकून "बघू" म्हणायचे. घेणाऱ्या माणसाच्या तोंडातून बघू आलं, की बघणं संपलेलं असतं.

इकडे मास्तरांचा निरोप आला. पुढच्या महिनाअखेरपर्यंत विसार दिला नाही तर दुसरं गिऱ्हाईक बघतो म्हणाले. सूनबाईने सहज म्हणावं तसं म्हटलं, "आई, नाही जमलं तर आपली खोली आहेच." मी सायकलचा विचार केला आणि त्या रात्री जेवले नाही. भूक नव्हती असं सांगितलं.

त्यानंतरच्या रविवारी एक तरुण नवराबायको आले आणि बरोबर नवऱ्याची आई. आई माझ्याच वयाची, बुटकी, जाड चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. तिने आत पाऊल टाकलं आणि चष्मा डोळ्यांवर न घालता कपाळावर चढवला. मला तेव्हाच कळलं, हे प्रकरण वेगळं आहे. ही डोळ्यांनी बघायला आलेलीच नाही.

तिने दार दोनदा उघडलं, मिटलं. खालून घासलं तो आवाज मान तिरकी करून ऐकला. टाइल्सवर टाच आपटत गेली. एके ठिकाणी पोकळ वाजलं तिथे थांबली आणि पुन्हा आपटली, म्हणजे आम्हीही ऐकावं. सगळे नळ एकदम सोडले आणि वरच्या न्हाणीघरात पाणी येतंय का ते ओरडून सुनेला विचारलं. सून वरून म्हणाली, "थेंब थेंब येतंय, आई."

अत्तरवाला तिच्या मागे मागे. "मावशी, हे सगळं एकदम नवीन आहे. तुम्हाला हातही लावावा लागणार नाही."

"लावते," ती म्हणाली आणि प्लास्टिकचं झाड पायाने बाजूला सरकवून शेवाळी भिंतीवर पंजा ठेवला. तसाच ठेवून उभी राहिली. डॉक्टर पोटावर ठेवतो तसा. माझा मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला. मग तिने पंजा उचलला, वास घेतला आणि मुलाच्या बाहीला पुसला. स्वतःच्या मुलाच्या.

"ही एकच भिंत का रंगवली?"

"फॅशन आहे," सूनबाई म्हणाली.

"आमच्याकडे असं पोरगं तोंड पुसून आलं की आम्ही विचारतो काय खाल्लं."

मला हसू येत होतं. माझं नुकसान होत होतं आणि मला हसू येत होतं, कारण गेल्या दोन महिन्यांत या घरात शुद्धीवर असलेलं हे पहिलंच माणूस आलं होतं. हसले अर्थातच नाही. विकणारीने हसायचं नसतं.

"किती म्हणता?"

"पासष्ट," अत्तरवाला म्हणाला. "बोलणं होऊ शकतं."

"बोलते." ती ट्रॉलीला टेकून उभी राहिली, ट्रॉली मागे सरकली, तशी सरळ झाली. "घर होतं तसं ठेवलं असतं तर मी पन्नासच्या पुढे गेले असते. आता ही भिंत फोडायची. पाइप बदलायचे. या टाइल्स काढायच्या, कारण खाली पोकळ आहे आणि मी यावर आपटून मरणार. छत काढायचं, माझ्या मुलाचं डोकं लागेल. ही कपाटं काढायची."

"कपाटं कशाला?" माझा मुलगा एकदम जागा झाला. "अहो, साडेआठ लाख घातलेत यात."

"तुम्ही घातलेत. मी काढणार. घालायला तुम्हाला लागले, तसे काढायला मला लागणार. ते मी कुठून आणू? किमतीतूनच ना?" तिने बोटं मिटत आणली. "पंचेचाळीस."

माझा मुलगा बोटं मोडायला लागला आणि मध्येच थांबला. या वेळी हिशोब त्यालाही आला असावा. साडेआठ लाख खर्च करून त्याने घराची किंमत सात लाखांनी खाली आणली होती. सरकारी खात्यालाही इतकं चोख जमत नाही.

आणि माझे तीन कमी पडत होते. तीन लाखांपायी मी सायकलच्या खोलीत.

"आई," सूनबाई हळूच म्हणाली, "पंचेचाळीस काही वाईट नाही. तुम्ही आमच्याकडे..."

"तू झाडाला पाणी घाल," मी म्हटलं.

चष्मेवाली तोवर मागच्या दाराने परसात गेली होती. मी तिच्या मागे गेले. ती माझ्या ओट्याच्या दगडासमोर उभी होती. या वेळी चष्मा डोळ्यांवर.

"हा आतला?"

"आतला."

"सांधा नाही कुठे."

"नाही."

"काढला कशाला?"

"मी बहिणीकडे गेले होते," मी म्हटलं. यापेक्षा जास्त खुलासा मी कोणाकडे करत नाही.

तिला कळलं. तिच्याही घरात मुलगा होता. तिने वर बघितलं. कापलेले पाइप भिंतीवर लटकत होते, क्लिपा जागच्या जागी, चाव्या जागच्या जागी.

"हे कापलेत नुसते. जोडले की चालू होतील."

"तोच विचार चाललाय माझा," मी म्हटलं. "ऐका. आतले पाइप बंद करून हे बाहेरचे परत जोडून देते. भिंत उकरून, सुकवून, साधी पांढरी करून देते. टाइल्स काढते, खालची जुनी फरशी धडधाकट आहे. छत उतरवते. हा दगड होता तिथे बसवते. तुम्ही पंजा लावून बघा आणि मगच पैसे द्या. किती?"

"पन्नास म्हणू नका."

"पन्नास कोण म्हणतंय? बावन्नचं घर होतं हे दोन महिन्यांमागे."

"दोन महिन्यांमागे मी आले नव्हते."

"अठ्ठेचाळीस. खाली येणार नाही. मला त्यात पुढचं घर घ्यायचंय, मौजमजा करायची नाही."

ती दगडावरून हात फिरवत राहिली. "तुमची उंची जास्त आहे. दगड मला उंच पडेल."

"दोन बोटं खाली बसवून देते."

"अठ्ठेचाळीस," ती म्हणाली. "आणि ती कपाटं तुमची तुम्ही न्या. मला फुकट नकोत."

आत येऊन मी मुलाला सांगितलं. तो मटकन ट्रॉलीवर बसायला गेला आणि ट्रॉली सरकली. त्या ट्रॉलीने दिवसभरात तेवढंच काम इमानाने केलं.

"आई, हे सगळं उलटं करायचं? त्याचा खर्च कोण देणार?"

"ज्याने सुलटं केलं तो."

"आणि मला काय मिळणार?"

"अठ्ठेचाळीसच्या वरचं तुझं ठरलं होतं. वर बघ. छत दिसतंय? ते तुझं. दिव्यांसकट."

अत्तरवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने तोंड मिटलं. दलाली मात्र त्याने दोन्हीकडून पुरेपूर घेतली, आणि जाताना मला म्हणाला, "म्हटलं होतं ना आजी, घर सोनं आहे." अशा माणसांना लाज विकत मिळाली तरी ती घेणार नाहीत, त्यात दलाली सुटत नाही.

अंबाडेवाला आला नाही. मुलाने गवंडी आणि प्लंबर स्वतः शोधले, रजा काढून त्यांच्या उशाला उभा राहिला, धूळ खाल्ली. ट्रॉल्या आणि कपाटं टेम्पोतून त्याच्या घरी गेली. ठेवायला जागा एकच होती. इस्त्रीचं टेबल, सुटकेसी, सायकल, आणि त्यांच्यात आता ती पांढरी कपाटं कानाकोपरा भरून. सूनबाईने मला परत त्या खोलीबद्दल विचारलं नाही. विचारलं असतं तरी मला आत शिरायला वाट नव्हती.

भिंत सुकल्यावर चष्मेवाली एकटीच आली. पंजा ठेवला, वास घेतला. या वेळी कुठे पुसला नाही. दगडाशी उभी राहून खोटं खोटं पीठ मळून बघितलं. मग मागच्या पायरीवर आम्ही चहा घेऊन बसलो.

"तुम्ही कुठे जाणार?"

"बाजाराच्या रस्त्याला. दोन खोल्या, तळमजला. उद्या विसार द्यायचा."

"नीट बघितल्यात ना?"

"म्हणजे काय. चांगल्या आहेत. प्रसन्न. मास्तरांनी राखल्याही आहेत, आतल्या खोलीत एक भिंत आकाशी रंगाची आणि..."

मी थांबले. चहा हातात तसाच. तिने चष्मा उचलून डोळ्यांवर घातला आणि माझ्याकडे बघितलं. मग परत कपाळावर चढवला.

"चप्पल घालते मी," ती म्हणाली.

आम्ही दोघी मास्तरांकडे गेलो. मास्तरांनी आमचं हसून स्वागत केलं, खुर्च्या पुढे केल्या. आम्ही बसलो नाही. सरळ आतल्या खोलीत गेलो. मी आकाशी भिंतीवर पंजा ठेवला. तिने दुसऱ्या टोकाला ठेवला. भिंत गार होती, आमच्या शेवाळीपेक्षाही गार.

"मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं," मी म्हटलं.

"हो ना," ती म्हणाली. तिने 'हो ना' ज्या सुरात म्हटलं तो मला आवडला नाही.

"मास्तर," मी म्हटलं, "ही एकच भिंत का रंगवलीत?"

"आवड म्हणून. हल्ली एक भिंत वेगळी..."

"मी बघायला आले त्याच्या आदल्या दिवशी रंगवलीत की त्याच्याही आदल्या?"

मास्तर खाली बघायला लागले. शाळेत त्यांनी मुलांना असंच उभं केलं असेल.

चष्मेवालीने बोटं उघडली. भिंत फोडायची, पाइप काढायचे, परत गिलावा, परत रंग. ती मोजत होती आणि मी मान हलवत होते. मास्तर शिकलेले होते, म्हणून आम्ही त्यांच्याशी हळू आवाजात घासाघीस केली. सेहेचाळीसवर आले.

संध्याकाळी मुलाला कळलं. तो म्हणाला, "आई, मग ते वरचे दोन लाख..."

"वरचं तुझं हे विकण्यातलं बोलणं होतं. हे घेण्यातलं आहे."

आता मी इथे राहते. दारापुढे खुर्ची टाकते, किल्ली कनवटीला. त्या दोन लाखांतून भिंत मोकळी केली आणि पाइप सगळे बाहेरून घेतले, उघडे, क्लिपांनी आवळलेले. येणारेजाणारे बघून हसतात. त्यांच्या भिंतींच्या पोटात काय चाललंय ते त्यांना माहीत नाही, म्हणून हसू येतं.

परवा चष्मेवाली बाजारातून येताना टेकली. पिशवी खाली ठेवून, मान वर करून पाइप निरखत बसली.

"क्लिपा तिरक्या बसल्यात तुमच्या."

"आधी तुमच्या घरातल्या बघा."

"त्या सरळ आहेत. तुमच्या ह्यांनी बसवलेल्या."

मी आत जाऊन चहा टाकला.